क्वार्टरसमोरची लाल शिरांची पानं

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याइतकी माझी लायकी आहे असं मला वाटत नाही. शाळा हिंदी माध्यमातली, कॉलेजात सगळं इंग्रजीत आलं, आणि मराठी येते ती घरातली. म्हणजे आईची रागावण्याची, बाबांची कमी बोलण्याची, आणि थोडीशी मराठी मंडळाच्या कपाटातून रविवारी आणलेल्या पुस्तकांची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यातून मला सांगायचं आहे ते एका रोपाबद्दल, आणि ते रोपही वीतभर उंचीचं. त्याला धड फूलही येत नाही. वाचणाऱ्याला वेळ वाया गेला असं वाटलं तर त्याने मला लहान समजून सोडून द्यावं. पण गेल्या आठवड्यात मला एक बातमी कळली, आणि तेव्हापासून हे कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय अभ्यासात लक्ष लागत नाहीये.

माझे बाबा भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये पाणीपुरवठा विभागात फिटर होते. वर्धा जिल्ह्यातल्या गावाहून ते तरुणपणी इथे आले आणि नोकरीचं सगळं आयुष्य त्यांनी पंपहाऊस, व्हॉल्व आणि फुटलेल्या पाइपांमध्ये काढलं. आम्हाला तळमजल्यावरचं क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, आणि समोर दोन पलंग मावतील एवढी जमीन. त्या जमिनीत एक पेरू, एक कढीपत्ता, आणि उरलेल्या जागेत आईची मेथी, कोथिंबीर, वांगी. कडेला तिरप्या रोवलेल्या विटा. दर जानेवारीत बाबा त्यांना गेरू आणि चुना लावत.

बाबांना झाडं लावता येत होती, पण ते सगळं खाण्याचं. आमच्या घराण्यात नुसतं पाहण्यासाठी कुणी काही लावल्याचं मला माहीत नाही. डेलिया, शेवंती हे साहेब लोकांच्या बंगल्यातलं. आमच्या गल्लीत फार तर दारात तुळस आणि एखादी सदाफुली.

मी बारावीत असताना, थंडीच्या सुरुवातीला, टाउनशिपच्या नर्सरीतला पंप बिघडला. बाबा दोन दिवस तिथे काम करत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सायकलच्या कॅरिअरला एक फुटका ट्रे बांधून घेऊन आले. ट्रेमध्ये तीन रोपं होती. नर्सरीतल्या म्हाताऱ्या माळ्याने त्यांना दिली होती. बंगल्यांसाठी बाहेरून बी मागवलं होतं, रोपं वाटून झाली, तीन उरली. माळ्याने देताना बजावलं होतं, तेही बाबांनी जसंच्या तसं सांगितलं, "देखने का है, दादा। खाने का नहीं।"

आईने ट्रेमध्ये वाकून पाहिलं आणि हसली.

"अहो, हा तर चुका आहे! आंबटचुका. डाळीत घालतो आपण."

"चुक्याचाच भाऊबंद आहे. पण पाहायचा."

"पाहायचा म्हणजे?"

"पाहायचा म्हणजे पाहायचा."

"भाजी लावायची आणि खायची नाही? कुठल्या देशातली तऱ्हा म्हणायची ही?" असं म्हणत तिने एक पान तोडून तोंडात टाकलं, थोडा वेळ चावलं आणि नाक मुरडलं. "आंबट कमी, चिवट जास्त. पाहा बाप्पा तुमचं तुम्ही."

पान मात्र खरंच पाहण्यासारखं होतं. जिभेच्या आकाराचं, हिरवंगार. मधून देठापासून टोकापर्यंत गडद लाल शीर गेलेली, आणि तिला दोन्ही बाजूंनी बारीक लाल शिरा फुटलेल्या. त्या इतक्या रेखीव होत्या की कुणी टाकाने ओढल्यासारख्या वाटत. सकाळी आठच्या सुमाराला ऊन पानाच्या मागून आलं की हिरवा रंग फिका पडायचा आणि लाल रेघा पेटल्यासारख्या दिसायच्या. बाबा ड्यूटीवर निघण्याआधी तिथे उकिडवे बसत. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बोटाने दाखवलं.

"ही मेन लाइन. ही ब्रांच. ही घराघरात गेलेली. आमच्या पंपहाऊसच्या भिंतीवर नकाशा आहे ना, अगदी तसं."

मी तो नकाशा पाहिलेला होता. त्यात मुख्य पाइप लाल रंगाने दाखवले होते. बाबांना आनंद कशाचा झाला ते मला त्या दिवशी समजलं.

बाजूच्या क्वार्टरमध्ये नागपूरकडच्या एक काकू राहत. त्यांचे यजमान स्टोअरमध्ये क्लार्क होते. काकूंचं तोंड दिवसभर चालू असे, आणि मनात काही ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्या कुंपणावरून डोकावून विचारत, "काय दादा, फूल कधी येणार तुमच्या घासफुसाला?"

"फूल नाही येत, वहिनी. पानंच."

"नुसती पानं? मग माझ्या दारचं गवत काय वाईट आहे? त्याला पण पानंच आहेत!"

बाबा हसत आणि पिकलेली खालची पानं खुडून टाकत. काकूंनी काहीही म्हटलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू जात नसे.

पहिला उन्हाळा त्यांनी फार कष्टाने काढला. हे रोप थंड मुलुखातलं. भोपाळचं एप्रिल-मेचं ऊन त्याला सोसत नाही. बाबांनी ते मुद्दाम पेरूच्या सावलीत लावलं होतं, पण दुपारनंतर भिंतीची धग यायची. मग त्यांनी चार काठ्या रोवून वर गोणपाट बांधलं आणि ते दिवसातून दोनदा भिजवायला सुरुवात केली. पाण्याचा प्रश्न होताच. उन्हाळ्यात टाउनशिपला एकच वेळ पाणी सुटत असे, आणि ते सोडणारे खुद्द बाबाच. पण त्यांनी कधी दारात पाइप लावला नाही. "व्हॉल्व माझ्या हातात आहे म्हणून माझं अंगण ओलं दिसलं, तर गल्लीला मी काय तोंड दाखवू?" असं म्हणत. त्यामुळे त्या रोपांना मिळालं ते स्वयंपाकघरातलं पाणी, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. आई कुरकुर करत ते बादलीत साठवायची आणि संध्याकाळी स्वतःच नेऊन घालायची. पानं लहान झाली, करपली, पण तिन्ही रोपं जगली. पावसाळ्यात पुन्हा तरारली. बाबा सकाळी पानांखालच्या गोगलगायी वेचून डब्यात भरत आणि नाल्यापलीकडे नेऊन सोडत.

दसऱ्यानंतर त्यांनी रोपांचे मुळांसकट गड्डे उकरले. प्रत्येक तुकड्याला कोंब आणि मूळ दोन्ही येईल अशा बेताने सुरीने फोडले, पानं अर्धी कापली आणि पुन्हा लावले. तिनाचे सात झाले. विटांच्या आतून एका ओळीत, हातहातभर अंतरावर. त्या थंडीत आमचं क्वार्टर लांबूनही ओळखू येऊ लागलं. लोक संध्याकाळी फिरायला निघाले की थांबून विचारत. बाबा ते कसं फोडायचं, कुठे लावायचं ते सांगत. इतकं बोलताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. विषय वनस्पतिशास्त्र. आणि पुढच्या मे महिन्याच्या शेवटी बाबा निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडून गावी जायचं ठरलेलं होतं. सामानाची बोलणी निघाली की आई कपाट, मिक्सर, शिलाई मशीन असं मोजत बसे. बाबांचं मात्र एकच म्हणणं असायचं.

"बाकी तुम्ही काय न्यायचं ते न्या. मला यातले दोन गड्डे न्यायचे आहेत."

गावच्या घरी विहिरीशेजारी ओलसर सावलीची जागा होती, तीही त्यांनी मनात नक्की करून ठेवली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीतून त्यांनी स्वतःसाठी न्यायचं ठरवलेलं हे एवढंच.

फेब्रुवारीत ऊन थोडं चढलं आणि गड्ड्यांच्या मधून दांडे वर येऊ लागले. लालसर, सरळ, टोकाला बारीक कळ्यांचे तुरे. मी तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत नुकताच जायला लागलो होतो. वनस्पतींची जाड इंग्रजी पुस्तकं उघडायची मला हौस होती. अर्धं समजायचं, अर्धं वहीत उतरवून घ्यायचो. शोभेच्या पानांच्या झाडांवरच्या एका पुस्तकात मला आमचं रोप सापडलं. फोटोसकट! माझा आनंद काय सांगू. आमच्या दारातलं झाड छापील पुस्तकात होतं, आणि ते वाचू शकणारा घरात मी एकटा होतो.

त्या संध्याकाळी मी बाबांसमोर वही घेऊन बसलो.

"बाबा, हे दांडे कापायला पाहिजेत."

"काहून?"

"दांडा आला की सगळा जोर तिकडे जातो. पानं लहान होतात, राठ होतात. शोभेसाठी लावलं असेल तर दांडा दिसला रे दिसला की मुळापासून कापायचा. पुस्तकात लिहिलंय."

"आणि बी?"

"बी कशाला? हे बहुवर्षीय आहे. म्हणजे एकाच मुळातून वर्षानुवर्षं फुटत राहतं. उलट बी पडू दिलं तर जिकडेतिकडे उगवून तण होतं."

बाबा तुऱ्यांकडे पाहत राहिले. "गावाकडे आम्ही एक तरी गड्डा बियाला ठेवतो, बाबू."

"ते भाजीचं, बाबा. हे वेगळं आहे."

त्यांनी एक तुरा बोटांत धरून पाहिला. मग म्हणाले, "बरं. तू शिकतोस."

आईची कात्री त्यांनी स्वतःच आणली आणि सातही गड्ड्यांचे दांडे स्वतःच कापले. बाबांनी माझं ऐकून एखादी गोष्ट केली, असं पहिल्यांदाच होत होतं. त्या दिवशी मला वाटलेला अभिमान आठवला की आजही मान खाली जाते. नंतर मी ते पान पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की ते पुस्तक बर्फ पडणाऱ्या देशातल्या माणसाने लिहिलं होतं. तिथे हे रोप हिवाळ्यात झोपतं आणि उन्हाळ्यात खुलतं. आमच्याकडे सगळं उलटं. पण मला उतरवून घेण्याची इतकी घाई होती, की पुस्तक कुठल्या मातीत बसून लिहिलंय हे पाहायचं सुचलंच नाही.

मार्चभर पानं खरंच सुंदर राहिली. काकूसुद्धा म्हणाल्या, "शिकलेल्या पोराचा हात लागला हो दादा." आणि मी फुलून गेलो.

एप्रिलच्या सुरुवातीला आई गावी गेली. घर वर्षानुवर्षं बंद होतं, कौलं चाळून घ्यायची होती. मागे आम्ही दोघंच राहिलो. बाबांना निरोपसमारंभ, कागदपत्रं, नव्या फिटरला काम समजावून देणं, मला परीक्षा. स्वयंपाक म्हणजे खिचडी. तांदूळ धुतलेलं पाणी कितीसं निघणार! त्यातून ऊन त्या वर्षी लवकर तापलं. गोणपाट बाबांनी बांधलं, पण दुपारी ते भिजवायला घरात कुणी नसायचं. महिनाअखेरीस पानं तांबडी पडून गळली. मेच्या मध्यावर विटांच्या आत नुसती भेगाळलेली माती उरली.

बाबा रोज संध्याकाळी त्या मातीत सात ठिकाणी तांब्याने थोडं थोडं पाणी घालत. रोप कुठे होतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. मला ते बघवेना.

"बाबा, कशाला पाणी घालता? गेलंय ते."

"कशावरून?"

मी खुरपं घेतलं आणि भिंतीकडचा शेवटचा गड्डा उकरला. मूळ काळं पडलं होतं, बोटांत धरताच त्याचा भुगा झाला. मी ते हातावर घेऊन त्यांना दाखवलं, प्रयोगशाळेत सर दाखवतात तसं.

"हे गेलं," बाबा म्हणाले. "बाकीचे?"

"सगळे एका दिवशी लावलेले, एकाच पाण्यावरचे. बाकीचे वेगळे कसे असतील?"

एक नमुना पाहून निकाल काढायचा नाही, हे मी त्याच वर्षी शिकलो होतो. प्रॅक्टिकलच्या वहीत माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. तरी सातातल्या एकाचं मूळ पाहून मी साती गड्ड्यांचा निकाल देऊन मोकळा झालो.

बाबांनी हातातला तांब्या बराच वेळ तसाच धरला. मग उरलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं. दुसऱ्या दिवसापासून ते विटांकडे गेले नाहीत.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बी ठेवलं असतं तर" एवढे चार शब्द जरी ते बोलले असते, तरी मी रडून मोकळा झालो असतो. पण त्यांनी ते कधीच म्हटलं नाही.

महिन्याच्या शेवटी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रक आला. गल्लीतले लोक सामान चढवायला आले होते. बाबांचा एक सहकारी म्हणाला, "दादा, पेरूचं झाड राहिलं की! उपटा तेही." सगळे हसले. काकूंनी पदराने डोळे पुसत विचारलं, "आणि तुमचं ते लाल घासफूस? त्यातलं एक मला ठेवून जा की आठवणीला."

"गेलं ते, वहिनी," बाबा म्हणाले आणि दोरी आवळायला वळले.

मी भोपाळमध्येच राहिलो. साकेत नगरात, मोठ्या हॉस्पिटलजवळ, एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत. सोबत हॉस्पिटलात शिकणारी दोन मुलं. तिथून आमची जुनी गल्ली सायकलने वीस मिनिटांवर. तरी मी गेलो नाही. खरं सांगायचं तर दोन-तीनदा निघालो. टाउनशिपच्या मोठ्या चौकापर्यंत पोचलो, बाजारात चहा घेतला आणि परत फिरलो. आमचं क्वार्टर कुणाला दिलेलं नाही, कुलूपच आहे, असं ऐकलं होतं. कुलूप, गेरू उडालेल्या विटा आणि मधली मोकळी माती माझ्या डोळ्यांसमोर इतकी स्पष्ट होती, की ते जाऊन पाहण्याचा धीर मला झाला नाही.

थंडीच्या सकाळी खोलीच्या खिडकीतून ऊन आलं की मला नेमकी तीच वेळ आठवायची. आठ वाजताची. बाबांची सायकल भिंतीला टेकलेली, डबा हँडलला लटकलेला, आणि ते उकिडवे बसून एखादं पान बोटावर उचलून उजेडात धरतायत. आतून आई ओरडतेय, "भोंगा झाला, आता उठा!" मला शहरात कशाचीही कमतरता नव्हती. मेस चांगली होती, मित्र चांगले होते. पण ती दोन पलंगांएवढी जमीन मला पुन्हा कुठे मिळेना.

रविवारी गावी फोन व्हायचा. आई अर्धा तास बोलायची, शेवटी बाबा फोनवर येत.

"जेवतोस ना वेळेवर?"

"हो."

"तिकडं नर्सरीत कुठं दिसलं का ते?"

"नाही बाबा. बघतोय."

मी खरंच बघत होतो. टाउनशिपच्या नर्सरीतला म्हातारा माळी काम सोडून गेला होता, आणि नव्या माणसाला त्या बियाण्याची काही माहिती नव्हती, एवढं फोनवरून कळलं. मग मी बाहेर शोधायला लागलो. चार इमली या साहेब लोकांच्या वस्तीत एका बंगल्याच्या कुंपणातून लाल रेघा दिसल्या म्हणून सायकल टाकून जाळीला नाक लावून उभा राहिलो. गेटवरचा पहारेकरी आला. "क्या देख रहे हो, भैया?" मी म्हटलं, पत्ते देख रहा हूँ। त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पत्ते बाहर भी बहुत हैं।" ते दुसरंच काहीतरी निघालं, कुंडीतलं रंगीत पानांचं.

पहिल्या दिवाळीच्या आधी शाहपुऱ्याच्या तलावाजवळच्या नर्सरीत मला हिरव्या पानांवर लाल शिरा असलेली रोपं दिसली. विकणारा म्हणाला, "वही है जो आप ढूँढ रहे हैं।" सहा रोपं घेतली. गाडीत मांडीवर खोका धरून गावी नेली. बाबांनी खोका उघडला, एक रोप उचललं, पान उलटं करून पाहिलं, देठ चिमटीत दाबला. त्यांना एका क्षणात कळलं होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तरी त्यांनी सहाही रोपं विहिरीशेजारी नीट लावली. जानेवारीत आईचा फोन आला.

"अरे, तू आणलेलं ते बीट निघालं. छान गोड आहे. कोशिंबीर केली. तुझे बाबा म्हणाले, पोरानं आणलंय, दोनदा वाढ."

वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने बापाला चुक्याच्या जागी बीट नेऊन दिलं. हे मी वर्गात कुणालाही सांगितलं नाही.

पुढचं वर्षभर बाबा अधूनमधून विचारत राहिले. मग कधीतरी त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, वय झालं, विसरले असतील. एका अर्थी सुटल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्या अर्थी फार वाईट वाटलं. वाट पाहणारं कुणी उरलं नाही, मग मी कुणासाठी शोधत होतो? तरी नर्सरी दिसली की सायकलचा वेग आपोआप कमी व्हायचा.

आता मी एम.एस्सी.ला आहे. गेल्या आठवड्यात दुपारी प्रयोगशाळेतून बाहेर पडलो तर अनोळखी नंबरवरून फोन.

"अरे बाळा, ओळखलंस का? मी तुमच्या बाजूच्या क्वार्टरमधली काकू."

आवाज तसाच होता. मी म्हटलं, "काकू! बोला ना."

"बोलायचं काय? चार पावलांवर राहतोस आणि एकदा तोंड दाखवत नाहीस. मोठा साहेब झालास का रे? बरं, दिवाळीला गावी कधी चाललास?"

"धनतेरसच्या आदल्या दिवशी."

"मग त्याआधी येऊन जा. तुझ्या बाबांचं बी ठेवलंय मी डब्यात. परवाच फोन आला होता त्यांचा, वहिनी विसरू नका म्हणून."

"कसलं बी?"

"कसलं म्हणजे? तुमच्या त्या लाल घासफुसाचं!"

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

काकू बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिलो. आम्ही गेलो त्याच पावसाळ्यात, कुलूप लावलेल्या क्वार्टरसमोर विटांच्या आत चार ठिकाणी लाल शिरांचे कोंब आले होते. क्वार्टर वर्षभर रिकामंच होतं, कुणी हात लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना कमरेइतके तुरे आले, बी धरलं, वाऱ्याने उडालं, नाल्याच्या पाण्यातून वाहिलं. आता काकूंच्या दारात आहे, पलीकडच्या तीन दारांत आहे, नाल्याच्या कडेने आहे. "गल्लीभर झालंय रे. आधी मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल. मग मागच्या नोव्हेंबरात तुझे बाबा मेडिकल कार्ड बदलायला आले होते ना, तेव्हा त्यांनी पाहिलं."

मागच्या नोव्हेंबरात बाबा आले होते, हे खरं. माझ्या खोलीवर आले, मेसमध्ये माझ्यासोबत जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी होती. मी उचलायला गेलो तर म्हणाले, राहू दे, हलकी आहे.

"दारात अर्धा तास बसून राहिले," काकू सांगत होत्या. "चहा दोनदा गरम केला मी. मग दोन गड्डे उकरून नेले. मी म्हटलं, पोराला फोन करून सांगते, खूश होईल. तर म्हणाले, नको वहिनी, एवढ्यात नको. तुला बोलले नाहीत का?"

"नाही," मी म्हणालो.

"अरे देवा. मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल; मग मी सांगायला नको होतं की काय? ती दोन्ही गेली बघ उन्हाळ्यात. तिकडचं ऊन मेलं इथल्याहून कडक. गोणपाट बांधलं, विहिरीचं पाणी घातलं, तरी एप्रिलात गेली म्हणाले. म्हणून या वेळी रोपं नकोत, बीच द्या म्हणतायत. तिथलं तिथंच उगवेल तर टिकेल, असं त्यांचं म्हणणं. एक जरी उन्हाळ्यातून निघालं ना, तर पोराला बोलावून दाखवीन, तोवर त्याला काही सांगू नका म्हणाले."